अपग्रेडनंतर आवाज का तुटतो: एका फिरत्या संदेशाला उत्तर

मालवणपासून दापोलीपर्यंत घरच्या घरी भजन, नमन, जाखडी रेकॉर्ड करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर अपग्रेड केल्यावर आवाज मध्येच तुटायला लागला तर काय करायचं, ते त्यात सांगितलंय. थोडक्यात असं: कंपन्या नवी आवृत्ती मुद्दाम जड करतात, तेव्हा लगेच जुनी टाका. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर तीस टक्क्यांच्या आत दिसत असेल तर लॅपटॉप ठीक आहे, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) गेलाय. आपल्याकडची खारी हवा आणि लाईटचा चढउतार यांनी तो जातोच, नवा घ्या. बफर 2048 वर न्या आणि कायमचा तिथेच ठेवा. अँटिव्हायरस काढून टाका. फुकटचा एएसआयओ ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) टाका. आणि दर्जा हवा असेल तर 96 किलोहर्ट्झवरच काम करा.

असे संदेश रोज येतात, मी सोडून देतो. पण श्रावणात शेजारच्या गावातला एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. चतुर्थीच्या आधी गावच्या मंडळाची अकरा भजनं पुरी करायची होती आणि त्यानं या संदेशातलं एकूणएक करून पाहिलं होतं. जुनी आवृत्ती टाकल्यावर नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली सात भजनं उघडेनात. घरी नव्या इंटरफेससाठी हप्त्याची बोलणी चालू होती. त्याच्या जुन्या इंटरफेसला काहीही झालेलं नव्हतं. वडील मासळीच्या हंगामावर घर चालवणारे. त्या घराला हा हप्ता परवडणारा नव्हता. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी आवाज तुटतो म्हणजे नक्की काय होतं ते बघू. आमच्या गुहागरकडच्या वाड्यांत ज्यांनी रहाट पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल. रहाटाचा एकेक लोटा विहिरीतून भरून वर येतो, पन्हळीत रिकामा होतो आणि सुपारीच्या आळ्यांपर्यंत पाटाचं पाणी अखंड जातं. संगणकही आवाज असाच लोट्यालोट्यानं पुरवतो. तो लोटा म्हणजे बफर. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची 48 हजार मोजमापं (सॅम्पल) घेताना, 256 सॅम्पलचा बफर ठेवला तर एक लोटा 5.33 मिलिसेकंदांत रिकामा होतो. तेवढ्या वेळात सगळ्या ट्रॅकचं, सगळ्या इफेक्टचं गणित उरकून पुढचा लोटा भरलेला हवा. एकदा जरी उशीर झाला तरी तो रिकामा वर येतो आणि कानाला टक्क लागतं, नाहीतर सुरात भोक पडतं. झांजांच्या गजरात ते लपून जातं. पेटीचा सूर लांब धरलेला असला की लगेच उघडं पडतं. तेव्हा शोधायचं काय, तर उशीर कोणामुळे झाला.

आता पहिला मुद्दा, मुद्दाम जड करण्याचा. नवी आवृत्ती थोडी जड असू शकते, हे मला मान्य आहे. पण अपग्रेडच्या दिवशी एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात आणि त्याकडे कोणी बघत नाही. सेटिंग्ज नव्यानं तयार होतात, त्यामुळे इंटरफेसऐवजी लॅपटॉपचंच साउंड कार्ड निवडलं जातं. बफर आणि सॅम्पल रेट बदललेले असतात. सॉफ्टवेअर मागच्या बाजूला सगळे प्लगइन (वरून जोडलेले इफेक्ट) आणि सॅम्पलची (तयार वाद्यांच्या आवाजांची) लायब्ररी पुन्हा तपासत बसलेलं असतं, तेव्हा पहिला तासभर आवाज तुटला तर त्यावरून काही ठरवूच नये. बऱ्याचदा त्याच आठवड्यात विंडोजचं अपडेटही झालेलं असतं आणि एखादा ड्रायव्हर परस्पर बदललेला असतो.

जुन्या प्लगइनचाही भाग आहे. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी क्यूबेस 2016 च्या नवव्या आवृत्तीपासून आणि एबलटन लाइव्ह 2018 च्या दहाव्या आवृत्तीपासून फक्त 64 बिटचे आहेत, जुने 32 बिटचे प्लगइन त्यांत थेट चालत नाहीत; मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून 32 बिटची सॉफ्टवेअर चालतच नाहीत. आपल्याकडे मात्र कोणीतरी दहा वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवर दिलेला 32 बिटचा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा प्लगइन) अजून जिवापाड जपलेला असतो आणि तो पुलासारखं काम करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून चालवला जातो. दर बफरला आवाज त्या पुलावरून जाऊन परत येतो. पाच मिलिसेकंदांच्या हिशेबात ही ये-जा महाग पडते.

खरं-खोटं करायचं असेल तर नवा, कोरा प्रोजेक्ट उघडा. त्यात एकच गाणं टाकून वाजवा, प्लगइन एकही नको. तिथेही तुटत असेल तर तुमच्या ट्रॅकचा, इफेक्टचा दोष नाही. ड्रायव्हर, सेटिंग किंवा लॅपटॉप बघा. कोरा प्रोजेक्ट स्वच्छ वाजला तर मूळ प्रोजेक्टचे अर्धे ट्रॅक पूर्ण बंद करा. म्यूट केलेल्या ट्रॅकवरचे प्लगइन कित्येक सॉफ्टवेअरमध्ये चालूच राहतात, म्हणून प्लगइनसकट बंद करायचे. तुटायचं थांबलं तर दोषी त्या अर्ध्यात. मग त्यांचे अर्धे. बत्तीस ट्रॅक असले तरी पाच फेऱ्यांत एकावर येता. आणि जुन्या आवृत्तीवर जायचंच असेल तर आधी सगळ्या प्रोजेक्टची वेगळी प्रत काढा, कारण नव्यात सेव्ह केलेलं जुन्यात उघडेलच असं नसतं. संदेशात याबद्दल एक शब्द नाही, आणि त्या मुलाची सात भजनं नेमकी इथेच अडकली.

दुसरा मुद्दा तीस टक्क्यांचा. हा सगळ्यात फसवा, कारण आकडा डोळ्यांना दिसतो. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या वेगवेगळ्या भागांची, सरासरी दाखवतो. विंडोजला आठ धागे (एका वेळी आठ कामं चालवायच्या जागा) दिसत असलेल्या प्रोसेसरवर एक धागा पूर्ण दमलेला आणि बाकी सात रिकामे असले, तर आकडा येतो साडेबारा टक्के. आवाजाचं गणित मात्र नेहमी वाटून घेता येत नाही. एका ट्रॅकवर आवाज साफ करणारा प्लगइन, मग ईक्यू, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब अशी माळ असेल तर दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत थांबावं लागतं. अशी एक माळ साधारण एकाच कोअरवर पडते. मास्टरवरची, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथली माळ तर सगळ्या ट्रॅकचं काम झाल्याशिवाय सुरूच होत नाही.

शिवाय तो आकडा साधारण सेकंदाभराचा असतो. 48 किलोहर्ट्झला 256 चा बफर असेल तर एका सेकंदात 187 वेळा लोटा भरायचा असतो. त्यातला एकच चुकला तर सरासरीत काय दिसणार? म्हणून टास्क मॅनेजर बाजूला ठेवून सॉफ्टवेअरचा स्वतःचा मीटर बघा. तो लोटा भरायला दिलेल्या वेळातला किती वेळ खर्च झाला ते सांगतो. रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर आहे, एफएल स्टुडिओच्या ऑडिओ सेटिंगमध्ये अंडररन, म्हणजे चुकलेले लोटे, मोजले जातात. आवाज तुटला त्याच क्षणी तो आकडा वाढला, तर उशीर संगणकात झालाय हे नक्की.

आणि मीटर खाली असूनही तुटत असेल तर? मग बहुधा दुसराच कोणी प्रोसेसर अडवून बसलाय. विंडोजमध्ये ड्रायव्हर मध्येच येऊन प्रोसेसर धरून ठेवू शकतात. वायफायचा ड्रायव्हर आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर यांत वारंवार सापडतात. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवला की कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतोय ते नावानिशी दिसतं. वायफाय बंद करून तुटणं थांबलं तर नव्या इंटरफेसचे पैसे वाचले. अलीकडच्या लॅपटॉपसाठी आणखी एक गोष्ट: इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरमध्ये काही कोअर जोमाचे आणि काही वीज वाचवणारे असतात. जुनं सॉफ्टवेअर असो की जुना प्लगइन, त्याचं काम चुकून वीज वाचवणाऱ्या कोअरवर गेलं की मीटर उड्या मारायला लागतो.

खाऱ्या हवेचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. जॅक काळे पडतात, पेटीचे पितळी सूर हिरवट होतात, मिक्सरची बटणं फिरवताना खरखरतात. हे सगळं खरं आहे, म्हणूनच तर संदेश पटतो. पण गंजलेल्या जोडाचा आवाज ओळखू येतो: वायर हलवली की खरखर वाढते, जॅक काढून दोनदा फिरवून बसवला की कमी होते, आणि सॉफ्टवेअरचा मीटर जागचा हलत नाही. हवा वर्षानुवर्षं खाते. मंगळवारी रात्री अपग्रेड केलं आणि बुधवारी सकाळी तुटायला लागलं, तर मंगळवारी काय बदललं ते आधी विचारा.

यूएसबीचा जोड मात्र तपासाच. तो सैल झाला असेल तर इंटरफेस क्षणभर गायब होऊन परत येतो आणि विंडोज जोडल्याचा-सुटल्याचा आवाज करतं. वायर बदलून बघायला फारसे पैसे लागत नाहीत.

लाईटचंही तसंच. लॅपटॉपच्या चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं. व्होल्टेज थोडं खालीवर झालं तर त्याला फरक पडत नाही. साध्या इन्व्हर्टरवर घरघर येऊ शकते, पण घरघर वेगळी आणि तुटणं वेगळं. खरी गडबड लाईट गेल्यावर होते. लॅपटॉप बॅटरीवर जातो, वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि जो प्रोजेक्ट दोन मिनिटांपूर्वी नीट वाजत होता तो तुटायला लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे हे दिवसातून चारदा होतं. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबीला झोपवणारी सेटिंग बंद करा, आणि लाईट नसताना रेकॉर्डिंग करायचंच असेल तर बॅटरीवर एकदा आधी वाजवून बघा.

उकाड्याचा विचार तर संदेशात कुठेच नाही. आवाज येऊ नये म्हणून आपण पंखा बंद करतो, दारं-खिडक्या लावतो आणि लॅपटॉप गोधडीवर ठेवतो, म्हणजे त्याची हवा खालूनच बंद. तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. पहिली दोन भजनं नीट आणि तिसऱ्याला तुटलं, असं होत असेल तर लॅपटॉप पाटावर घ्या.

बफर 2048 वर कायमचा ठेवण्याचं म्हणाल, तर हा सल्ला अर्धा बरोबर आहे. मिक्सिंगला मोठा बफर चांगलाच. गायकाला इंटरफेसमधून थेट ऐकवत असाल तर रेकॉर्डिंगलाही चालतो. पण गायकाचा आवाज सॉफ्टवेअरमधून रिव्हर्बसकट परत त्याच्या कानात जात असेल, तर 48 किलोहर्ट्झला 2048 म्हणजे जाताना 42.7 मिलिसेकंद आणि येताना तेवढेच, मिळून 85 च्या वर. तेवढ्या वेळात हवेतला आवाज 29 मीटर जातो. पखवाज देवळाच्या सभामंडपात आणि बुवा पाणंदीत, असं समजा. ताल राहील का? शिवाय मोठ्या बफरनं वायफायचा अडथळा झाकला जातो, जात नाही. पुढच्या खेपेला चार ट्रॅक वाढले की तो पुन्हा डोकं वर काढतो. कारण सापडेपर्यंत उलट बफर लहान ठेवा, म्हणजे दोष लवकर उघडा पडतो.

अँटिव्हायरस काढून टाकू नका. आपल्या लॅपटॉपला वीस मंडळांचे पेनड्राइव्ह लागतात. सॅम्पल आणि प्रोजेक्टचं फोल्डर तपासणीतून वगळायची सोय त्यात असते, तेवढं पुरतं.

फुकटच्या ड्रायव्हरचं सांगतात तो बहुतेक एएसआयओ फॉर ऑल. एएसआयओ ही सॉफ्टवेअरनं साउंड कार्डाशी कमी उशिरात बोलायची, स्टाइनबर्ग कंपनीनं 1997 मध्ये आणलेली पद्धत. ज्या कार्डाला स्वतःचा असा ड्रायव्हर नाही त्याच्यासाठी हा फुकटचा दुभाषा उपयोगी आहे. पण तुमच्या इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर मध्ये दुभाषा कशाला? बनवणाऱ्याच्या साइटवरून त्याचाच नवा ड्रायव्हर घ्या. आणि 96 किलोहर्ट्झ केलं की 256 चा लोटा 5.33 ऐवजी 2.67 मिलिसेकंदांत रिकामा होतो, एका लोट्यामागचं गणित मात्र तेवढंच राहतं, म्हणजे सेकंदाला दुप्पट. तुटणाऱ्या लॅपटॉपवर हे करायला सांगणं म्हणजे दमलेल्या बैलाला वेगानं हाकणं.

त्या मुलाच्या लॅपटॉपवर काय निघालं तेही सांगतो. नव्या आवृत्तीनं लॅपटॉपचं साउंड कार्ड निवडलेलं होतं. त्यावर संदेश वाचून टाकलेला फुकटचा ड्रायव्हर आणि 96 किलोहर्ट्झ. मास्टरवर आवाज साफ करणारा जड प्लगइन, जो पेटीच्या एका ट्रॅकवर पुरला असता. नवी आवृत्ती परत टाकली, इंटरफेसचा ड्रायव्हर बसवला, 48 किलोहर्ट्झ आणि 256 ठेवलं, प्लगइन पेटीवर नेला. संध्याकाळी सातला सुरुवात केली होती, साडेनऊला सातही भजनं उघडून सलग वाजली.

मग प्रत्येक भजन एक्स्पोर्ट करून मोबाइलवर ऐकलं. वाजवताना तुटलेलं बहुतेक वेळा एक्स्पोर्टमध्ये नसतं, कारण तिथे संगणकाला वेळेचं बंधन नाही. रेकॉर्ड होतानाच लोटा चुकला असेल तर मात्र तो सूर फाइलमध्ये आलेलाच नसतो आणि कुठल्याही सेटिंगनं परत येत नाही. सहा भजनं पूर्ण निघाली. गजराच्या एका भजनात दोन जागी भोक होतं. ते बुवांनी रविवारी दुपारी पुन्हा गायलं, वायफाय बंद, चार्जर लावलेला आणि लॅपटॉप पाटावर.