यवनांचं कौतुक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्राचीन यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, अथेन्स शहरावरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. ज्या लोकशाहीचे मी गोडवे गायले ती गुलामांच्या जिवावर उभी होती आणि बायकांना तिथे मत नव्हतं, हा पहिला. ‘आपल्याकडे एवढं असताना परक्यांची आरती ओवाळणं म्हणजे मानसिक गुलामगिरी’, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या चांदीच्या खाणींत गुलाम राबले, तिथल्या चांदीवर अथेन्सचं आरमार उभं राहिलं आणि त्या आरमाराने इ.स.पू. 480 मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत इराण्यांना हरवलं. सालामिस मी रंगवून सांगितलं आणि खाणींचं नावही घेतलं नाही. ती माझी चूक झाली.

तरी माझं प्रेम तसूभरही कमी होत नाही, ते का हे सांगतो. सालामिसनंतर आठच वर्षांनी अथेन्सचा नाटककार एस्किलस याने त्या लढाईवर नाटक केलं. हा माणूस स्वतः त्याआधीच्या मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांशी लढलेला, त्याचा भाऊ तिथेच पडलेला. आणि नाटक घडतं कुठे, तर इराणच्या राजधानीत. राजमाता मुलाच्या काळजीने व्याकूळ आहे. जासूद येतो, मेलेल्या सरदारांची नावं एकेक करून सांगतो. शेवटी तिचा मुलगा, राजा झर्कसीस, फाटक्या वस्त्रांत परत येतो आणि सगळा दरबार आक्रोश करतो. हे बघायला बसलेत कोण? ज्यांचं शहर याच झर्कसीसच्या फौजेने जाळलं होतं ते अथेन्सचे नागरिक. नाटकात विजयाचा अभिमान आहेच, पण रडणारी आई शत्रूची आहे. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस एस्किलसला मिळालं.

आणखी एक प्रसंग, इ.स.पू. 427 मधला. मितिलीनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेने ठरवलं की तिथल्या सगळ्या पुरुषांना मारायचं, बायकापोरांना गुलाम करायचं. हुकूम घेऊन जहाज सुटलंसुद्धा. रात्र गेली आणि लोकांचं मन त्यांना खाऊ लागलं. पुन्हा सभा भरली, थोडक्या मतांनी निर्णय फिरला आणि दुसरं जहाज निघालं. वल्हेकऱ्यांनी दारूत आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ वल्हवता वल्हवताच खाल्लं, झोप पाळीपाळीने घेतली. ते पोचले तेव्हा तिथल्या सेनापतीने पहिला हुकूम वाचलेला होता, अंमल तेवढा व्हायचा होता. शहर वाचलं. बंडाचे म्होरके मात्र मारले गेलेच, आणि अकरा वर्षांनी अथेन्सने मेलोस बेटाला हीच शिक्षा दिली तेव्हा त्यांच्या नशिबी असं दुसरं जहाज नव्हतं. हे सगळं आपल्याला कळतं ते थुसिडिडीस या अथेन्सच्याच सेनानीने लिहून ठेवलं म्हणून. आपल्या माणसांची क्रूर भाषणंही त्याने झाकली नाहीत. मी भारावतो तो इथे.

आता दुसरा आक्षेप. यवनांचं कौतुक मी सुरू केलेलं नाही. सहाव्या शतकात आपला ज्योतिषी वराहमिहिर ‘बृहत्संहिते’त लिहून गेला : ‘म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्। ऋषिवत् तेऽपि पूज्यन्ते’. यवन म्लेच्छ खरे, पण हे ज्योतिषाचं शास्त्र त्यांच्यात नीट रुजलंय, म्हणून ऋषींसारखी त्यांचीही पूजा होते. त्याच वराहमिहिराने ‘पंचसिद्धान्तिके’त रोमक आणि पौलिश हे परक्यांकडून आलेले खगोलाचे सिद्धान्त आपल्या सूर्यसिद्धान्ताच्या पंगतीला बसवले. त्याला मनाने गुलाम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

यवनांचे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. ग्रीक ‘केन्त्रोन’ म्हणजे अणकुचीदार टोक, कंपासचं कागदावर रोवलेलं टोकही तेच. त्याचं झालं ‘केंद्र’. ‘त्याचा होरा खरा ठरला’ म्हणतो त्यातला होरा ग्रीक ‘होरा’ म्हणजे तास, घटका. ‘दाम करी काम’ मधला दाम त्यांच्या द्राख्म या नाण्यावरून आलेला.

गेल्या वर्षी कार्ल्याला गेलो होतो. एकवीरेच्या दर्शनाची रांग सोडून शेजारच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहात शिरलो. आत गारवा आणि अंधुक उजेड. डोळे सरावल्यावर अठपैलू खांबांवरची ब्राह्मी अक्षरं दिसू लागली. त्यातले काही खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दिलेले आहेत. दात्यांची नावं आपल्याकडची वाटतात, लेखाची भाषा प्राकृत, पण नावाआधी ‘यवन’ कोरून घ्यायला ते विसरलेले नाहीत. ते नक्की कुठून आले, कुठल्या पिढीचे, यावर अभ्यासकांनी खूप वाद घातलेत. दान दिलेल्या वस्तूसाठी त्या लेखांत शब्द आहे ‘थंभो’, म्हणजे आपला खांब. यवनांचे आणि इथल्या दात्यांचे खांब एकाच रांगेत आहेत, छताचा भार सगळ्यांवर सारखा आहे.

तुम्ही पुण्याच्या बाजूला असाल तर एकदा जाऊन या, सोबत बॅटरी घ्या. मूळ लेखात लॉरियनच्या खाणींवरचा मजकूर या आठवड्यात घालतो, तो वाचून पुन्हा नक्की लिहा.