सरकारी इमारत बांधताय? मग एवढं वाचाच

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. आईच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, मोबाईलवरून करायला गेलो तर ठसा काही उठेना, म्हणून परवा तिला व्हीलचेअरवर बसवून एका ऑफिसात नेलं. तिथे इतकं शिकायला मिळालं की म्हटलं होतकरू आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि साहेबलोकांना चार युक्त्या फुकटात सांगून टाकाव्यात.

दारात पायऱ्या हव्यातच. निदान सहा. त्याशिवाय ऑफिसला रुबाब येत नाही.

रॅम्पही बांधा, फोटोला लागतो. नियमाने एक फूट चढायला बारा फूट लांबी सोडायची असते, पण तेवढ्यात साहेबांची गाडी लागते, तेव्हा तुम्ही चार फुटांत उरका. वर चकचकीत ग्रॅनाइट, रोज सकाळी फिनेलने पुसलेला. खाली तुळशीच्या कुंड्या, मधे वॉचमनची स्कूटर आणि वरच्या टोकाला साखळी लावून कुलूप, कारण म्हणे पोरं बाइक वर चढवतात. चावी शिपायाकडे, शिपाई चहाला, चहाची टपरी कुठे ते कोणालाच माहीत नाही, मी आईला उन्हात सोडून अर्धा तास चावी शोधत फिरतोय आणि शेवटी चावी मिळालीच नाही, दोन अनोळखी पोरं धावून आली, आम्ही तिघांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं, ती बिचारी डोळे घट्ट मिटून पदर दातात धरून बसलेली, आणि वर पोचल्यावर खिडकीतल्या बाई काय म्हणाव्यात? "आजींना कशाला एवढा त्रास दिलात?" अहो बाई, जिवंत आहे हे दाखवायला!

असो. पुढची युक्ती.

दिव्यांगांचं टॉयलेट विसरू नका, जुन्या फायली ठेवायला जागा लागतेच.

बायकांचं टॉयलेट कुलूप लावून स्वच्छ ठेवा. मुंबईत २०११ पासून बायका 'राइट टू पी' म्हणून भांडतायत, की पुरुषांना मुतारी फुकट आणि आमच्याकडून पैसे का? त्यांचं काय ऐकायचं, पाणी कमी प्यावं माणसाने.

बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा. उगाच कोणी दमलेला आडवा व्हायचा.

फूटपाथवर बाइक अडवायला खांब रोवा. बाइक शिरतेच कुठून तरी, व्हीलचेअर तेवढी अडते.

आणि कायदा नाही असं कोणी म्हणू नका हां. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, नियम आले जून २०१७ ला, जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षं दिली होती, ती २०२२ लाच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसते सुचवण्यापुरते नियम चालणार नाहीत, सक्तीचे करा. पण कोर्टाकडे कुठे आहे त्या साखळीची चावी!

आपली खोड तशी जुनीच आहे. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, हा मुंबई कौन्सिलचा ठराव १९२३ चा, महाडच्या नगरपालिकेने १९२४ ला चवदार तळं खुलं केलं, कागदावर. प्रत्यक्ष ओंजळभर पाणी प्यायला बाबासाहेबांना हजारोंना घेऊन २० मार्च १९२७ ला चालत जावं लागलं. त्या दुःखाशी माझ्या अर्ध्या तासाची बरोबरी नाही, मुळीच नाही. पण कागदावर खुलं आणि जागेवर बंद, हे शंभर वर्षांत सुटलं नाही आपलं.

आता सरळच बोलतो, युक्त्या गेल्या खड्ड्यात. तुमच्या आईला चार परक्या माणसांसमोर सामानासारखं उचललंय का कधी कोणी? चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय तिने, दान मागायला नव्हती आली, स्वतःच्या पेन्शनचा कागद द्यायला आली होती. उद्घाटनाला फीत कापायला वेळ असतो, मग एकदा, फक्त एकदा, स्वतः व्हीलचेअरवर बसून त्या रॅम्पवरून वर या की! फार बजेट लागत नाही त्याला. कुलूप काढा, कुंड्या उचला, आणि त्या वॉचमनला सांगा, स्कूटर खाली लाव.