मामाचा प्रश्न, बर्लिनहून

"ती सेल थेरपी आपल्याकडे कधी येणार रे?" गोव्यातल्या डिचोलीहून मामाने परवा फोनवर विचारलं. म्हणजे पेशींमध्ये बदल करून एचआयव्हीवर करायचा उपचार. मामा १४ वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घेतोय. विषाणू पार दबलाय, पण सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्या मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, २५०च्या वर जात नाहीत. गोळ्या सुरू व्हायलाच उशीर झाला होता.

मी राहतो त्या बर्लिनमध्येच टिमोथी ब्राऊन एचआयव्हीमुक्त झाला. त्याला रक्ताचा कर्करोग होता. २००७ आणि २००८ मध्ये मूळपेशींचं रोपण झालं, तेही मुद्दाम शोधलेल्या दात्याकडून. विषाणू ज्यातून आत शिरतो तो सीसीआर५ नावाचा दरवाजाच त्या दात्याच्या पेशींना नव्हता. मामाला हे सुचवता येत नाही, कारण रोपणात जीवही जातो. त्याच्यासाठी आशा आहे ती दुसऱ्या वाटेवर: रुग्णाच्याच सीडी४ पेशी काढायच्या, जनुकीय कात्रीने तो दरवाजा मोडायचा आणि परत सोडायच्या. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अशा १२ रुग्णांचे निकाल आले. पेशींची संख्या वाढली होती. इस्पितळातला नेहमीचा उपचार मात्र तो अजून झालेला नाही.

आपल्याकडेही आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो कर्करोगासाठी आहे, पण पेशी काढून, बदलून, परत देण्याची विद्या हातात आली. एचआयव्हीसाठी ती वापरून बघा, असा आग्रह गोव्याने धरायला हवा.

त्याऐवजी वाद कसला, तर लग्नाआधी चाचणी सक्तीची करा. २००६ पासून हे अधूनमधून वर येतं. माझा याला ठाम विरोध आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या गोव्यातल्या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून म्हापशात ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. मामाच्या मनातून ते कधी गेलं नाही, म्हणून महिनोन्‌महिने ताप अंगावर काढला, पण तपासायला गेला नाही. त्या काळात ज्या पेशी गेल्या, त्याच आज भरून येत नाहीत.

इथे बर्लिनमध्ये आरोग्य कार्यालयात नाव न सांगता चाचणी होते. गोळ्यांसाठी मात्र विमा लागतो. आपल्याकडे सरकारी केंद्रात त्या २००४ पासून फुकट आहेत, याचा मला अभिमान वाटतो. तरीही मामा बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून आणलेल्या बाटलीत कापूस कोंबतो, कदंब बसमध्ये गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून.

"अजून वेळ आहे, मामा," मी म्हटलं. "गोळी चुकवू नकोस."