समुद्र म्हणजे ढवळलेलं पातेलं नाही: त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, माझ्याकडे तीनदा आला, त्यातला एक सख्ख्या काकांकडून. म्हणणं असं की समुद्राचं आम्लीकरण, म्हणजे हवेतला CO₂ (कार्बन डायऑक्साइड) विरघळून पाणी आम्लाकडे झुकणं, ही निव्वळ भीती आहे, कारण एक, समुद्राचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) 8 च्या वर आहे म्हणजे तो अल्कलीच आहे. दोन, समुद्रात हवेच्या पन्नासपट कार्बन आधीपासून आहे, त्यात माणसाचा कार्बन कुठच्या कुठे विरून जातो. तीन, जो काय CO₂ वाढतोय तो ज्वालामुखीमुळे आणि तापलेल्या समुद्रामुळे. काका, रागावू नका, पण तिन्ही मुद्दे चुकलेत.

पीएचचं आधी. समुद्र अजून अल्कली आहे हे खरंच आहे, कोणी नाही म्हणत नाही. पण आपल्या रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 असतो आणि तो 7.25 झाला तर रक्त तांत्रिकदृष्ट्या अल्कलीच राहतं, तरी डॉक्टर त्याला ॲसिडोसिस म्हणतात आणि धावपळ सुरू होते. बदल कुठल्या दिशेला चाललाय ते बघायचं असतं. समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच कारखानदारी सुरू होण्याआधी साधारण 8.2 होता, आता 8.1 च्या आसपास आलाय, आणि ही मोजपट्टी लॉगॅरिदमिक (एक अंक उतरला की आम्लपणा दहापट) असल्यामुळे 0.1 ची घट म्हणजे पाण्याला आम्लपणा देणारे हायड्रोजन आयन 25 टक्क्यांहून जास्त वाढले. हे आयन पाण्यातला कार्बोनेट पकडून बसतात, आणि शिंपल्यांना, प्रवाळांना कवच बांधायला तोच कार्बोनेट लागतो.

ज्वालामुखीवर जास्त वेळ घालवत नाही, जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा CO₂ सोडतात तो आपल्या उत्सर्जनाच्या शंभराव्या हिश्शाइतकाही भरत नाही. आणि तापलेला समुद्रच गॅस सोडत असता तर समुद्रातला कार्बन कमी व्हायला हवा होता ना? हवाईजवळ अलोहा नावाच्या ठिकाणी 1988 पासून सतत मोजमाप चाललंय, तिथे पाण्यातला CO₂ वाढतोय आणि पीएच उतरतोय.

आता पन्नासपटीचा मुद्दा, हा मुद्दाम शेवटी ठेवला कारण ऐकायला तोच सगळ्यात पटतो. आकडा बरोबर आहे. पण तो गृहीत धरतो की समुद्र म्हणजे एक पातेलं, वरून टाकलेलं तळापर्यंत लगेच ढवळलं जातं. तसं होत नाही. समुद्राची सरासरी खोली 3,700 मीटरच्या आसपास, आणि 1990 च्या दशकातल्या जगभरच्या मोजणीत समुद्रात गेलेल्या माणसाच्या कार्बनपैकी जवळपास निम्मा वरच्या 400 मीटरमध्येच सापडला, म्हणजे जिथे मासे, कालवं, प्रवाळ राहतात तिथेच. खोल जायला दरवाजे मोजकेच आहेत, ग्रीनलंड आणि कॅनडाच्या लॅब्राडॉरकडे थंड, जड झालेलं पाणी बुडतं, म्हणून उत्तर अटलांटिकमध्ये जगाच्या समुद्राचं क्षेत्रफळ 15 टक्के पण असा कार्बन 23 टक्के. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र तर भरपूर शोषतो पण साठवतो कमी, तिथलं पाणी मधल्या थरांतून उत्तरेकडे सरकतं आणि कार्बन सोबत घेऊन जातं.

आणि बुडालेलं पाणी कायमचं बुडालेलं नसतं. 2007-08 च्या सुमारास अमेरिकेत ओरेगॉनच्या नेटार्ट्स खाडीवरच्या हॅचरीत (पिल्लं वाढवायच्या केंद्रात) कालवांची पिल्लं लाखोंनी मरायला लागली, आधी जिवाणूंवर संशय गेला, त्यांचा बंदोबस्त केला तरी मरणं थांबेना. मग लक्षात आलं की उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा वाहिला की किनाऱ्याचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं, खालचं थंड पाणी वर येतं, आणि त्याच दिवसांत पिल्लं जातात. त्या पाण्यात CO₂ जास्त, त्यामुळे कवच धरतच नव्हतं. शेवटी हॅचरीने टाक्यांत सोडियम कार्बोनेट मिसळायला सुरुवात केली, पाणी घ्यायची वेळ बदलली, तेव्हा पिल्लं जगायला लागली. उघड्या समुद्रातल्या कालवांना कोण सोडा घालणार?

यावर काका म्हणतील, खालच्या पाण्यात कुजण्यामुळे CO₂ नैसर्गिकच जास्त असतो. बरोबर, असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पावसाळ्याच्या सुमारास खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर चढतं, गोव्याच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) ते मोजलंय. पण काठोकाठ भरलेल्या कळशीत आपण वरून ओततोय, सांडणार ते त्यामुळेच.

आणि ओरेगॉनला वर आलेलं ते पाणी हवेला शेवटचं भेटलं होतं त्याच्या साधारण 50 वर्षं आधी, तेव्हा हवेत CO₂ होता 315 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 315 भाग) आसपास. आज जे पाणी खाली जातंय ते 420 च्या वरची हवा पिऊन जातंय, आणि उद्या सगळी धुराडी बंद केली तरी ते पुढच्या काही दशकांत त्याच किनाऱ्यावर वर येणार आहे.