संच घेण्याआधी त्यातली पुस्तकं उघडून बघा

'मुलाला ज्यात गंमत वाटेल तो फोनिक्सचा संच घ्या, बाकी सगळे सारखेच' हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. फोनिक्स म्हणजे अक्षरांच्या ध्वनींवरून इंग्रजी वाचायला शिकवायची पद्धत; तिचे सगळे संच सारखे कसे? जॉली फोनिक्स या संचात ४२ ध्वनी आहेत आणि सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन यांनी होते, कारण तेवढ्यावर 'सॅट', 'पिन', 'टॅप' असे कितीतरी शब्द लगेच वाचता येतात. ए ते झेड क्रमाने गेलात तर टी विसावा येतो, तोवर 'सॅट'सुद्धा नाही!

मी मुलीला घरीच शिकवते, म्हणून कळकळीने सांगते: सोबतच्या पुस्तकांत शिकवून झालेल्या ध्वनींचेच शब्द हवेत. नाहीतर मूल चित्र बघून अंदाज ठोकतं आणि आपल्याला वाटतं, वाचतंय. शिवाय ऑडिओ नीट ऐका. आपल्या 'ट'मध्ये 'अ' मुरलेला असतो, तिथे तोडून म्हटलेला 'ट्' हवा. 'स-ॲ-ट' म्हणून माझ्या लेकीला शब्द काही केल्या जुळेना. 'स्स्-ॲ-ट्' म्हटल्यावर तिने आपणहून जोडला आणि फ्रिजवरची चुंबकाची अक्षरं सरकवत 'पॅट', 'टॅप' करत बसली.