सत्तावीस पंधरा

माझ्या अल्टोचे टायर अकरा वर्षांचे झालेत, हे मला एका पंक्चरवाल्या पोरानं सांगितलं. तोवर मी त्यांना नवेच समजत होतो. गाडी २०१२ ची. २०१५ च्या दिवाळीत यवतमाळच्या एका मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हकडून घेतली. त्यानं तीन वर्षांत तिला साठ हजार किलोमीटर पळवलं होतं आणि देताना "चारही टायर कोरे टाकून देतो सर" म्हणून भाव वाढवला होता. माझ्याकडे आल्यापासून मात्र ती सासुरवाशीण माहेरी यावी तशी निवांत आहे. आठवड्यातून एकदा दारव्ह्याचा बाजार, महिन्यातून एकदा यवतमाळ, लग्नसराईत जिथं आहेर द्यायचा तिथं. बाकी वेळ अंगणात उभी. अकरा वर्षांत वीस हजारही झाले नसतील. टायरची नक्षी अशी खोल, की नखाचा शेंडा आत बुडावा.

त्या दिवशी बाभळीचा काटा शिरला म्हणून स्टँडवर गेलो. हा पोरगा नववीत माझ्या विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर झोपायचा. त्यानं काटा शोधायचं सोडून टायरच्या बाजूला अंगठा घासला नि धुळीखालचे चार आकडे वाचले.

"सर, टायर कवाचे व्हय?"

"चार-पाच वर्षांचे असतील."

"सत्तावीस पंधरा. दोन हजार पंधरा सालचा सत्ताविसावा हप्ता, म्हंजे आठवडा. हे पाहा, लिवलंच हाय."

मग त्यानं नक्षीच्या खोबणीत स्क्रू ड्रायव्हर घालून रबर जरा फाकवलं. आत भेगा. चैत्रात आमच्या काळ्या रानाला पडतात तशाच, फक्त बारीक.

"नक्षी हाय ना पण," मी म्हणालो.

"नक्षीले काय चाटता सर? रबर कडक झालं. टायर चालूनच मरते असं नाई, उभा राहूनयी मरते."

घरी आलो नि बायकोला सगळं सांगितलं: वरून शाबूत आहे, चालणं कमी झालं, उन्हात बसून बसून आतून कडक झालंय, आता ओल्या रस्त्यावर पकड धरत नाही. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "टायरचंच सांगून राहिले ना?"

एरवी मी आणखी एक पावसाळा ढकलला असता. पण भाचीचं लग्न संभाजीनगरला होतं आणि कारंजाहून समृद्धी महामार्गावर चढायचं होतं. तिथं चढताना टायर तपासतात असं जो तो सांगत होता. वेगमर्यादा १२०. माझी अल्टो ८० ला मान हलवते, त्यामुळे मर्यादेची चिंता नव्हती. चिंता मे महिन्यातल्या तापलेल्या सिमेंटची होती.

बातमी गावात फुटली आणि गावाला मतं फुटली. पहिलं मत, घेऊच नका. पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात, म्हणजे पुन्हा पासिंग, पुन्हा कर. साठ-सत्तर हजारांच्या गाडीवर बारा हजारांचे टायर म्हणजे म्हाताऱ्या बैलाला झूल. दुसरं मत, रिमोल करून घ्या, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवून घ्या. तिसरं माझ्या साळ्याचं: दोनच घ्या आणि पुढं टाका, इंजिन पुढं आहे, स्टेअरिंग पुढं आहे, मागचे काय, नुसते फिरतात. यावर मी त्याला पारावर बसवून शास्त्र सांगितलं. दोनच घेतले तर नवे मागं टाकायचे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, पाय सोडून सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते नि तोंड आलं त्या गावाकडं. साळ्यानं सगळं ऐकून घेतलं. "हाव, बरोबर हाय भाऊजी," म्हणाला. "मंग पुढंच टाका."

शिवाय उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, हा आमच्याकडचा वेदमंत्र. हवा गरम होऊन फुगते, टायर फुटतो, म्हणून दोन-चार पॉइंट कमी. मी तीस वर्षं वायूचे नियम शिकवले. हवा फुगते हे खरं, सकाळी ३० भरली तर दुपारी रस्त्यावर ३४ दाखवते. पण टायर ती झेलायलाच बनवलेला असतो. हवा कमी असली की त्याची कूस दर फेऱ्याला जास्त दबते, दबली की तापते, आणि तापला की फुटतो. म्हणजे फुटू नये म्हणून जे करायचं, त्यानंच फुटतो. हे मी किती जणांना सांगितलं? सगळ्यांना. किती जणांनी हवा कमी केली? सगळ्यांनी.

यवतमाळच्या दुकानात मी पूर्ण तयारीनं गेलो. १४५/८० आर १२. रुंदी १४५ मिलिमीटर, उंची तिच्या ८० टक्के, रेडियल, १२ इंची रिम. पुढं ७४ टी. म्हणजे एका टायरवर ३७५ किलो वजन आणि ताशी १९० किलोमीटर वेग. वजनाचा आकडा आमच्या साडूंना सांगून ठेवला पाहिजे. वेगाचं म्हणाल तर माझी गाडी विहिरीत ढकलली तरी १९० गाठायची नाही.

दुकानदारानं चकाचक टायर पुढं ठेवला. मी अंगठा ओला केला. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"गोडाऊनमधला माल हाय सर, ऊन नाई लागलं त्याले."

"मग वय नाही होत?"

"बारा इंचाचं गिऱ्हाईकच राहिलं नाई जी आता. ठेवू किती?"

मी हललो नाही. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मला हुंडा नाकारून वर पसंत करणाऱ्या बापासारखं वाटायला लागलं. शेवटी चार निघाले: तीन यंदाचे, एक गेल्या डिसेंबरचा. तेवढं मी सोडून दिलं. मग त्यानं विचारलं, नायट्रोजन भरू? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे मी सातवीच्या पोरांना पाठ करायला लावलेलं आहे. उरलेल्या २२ टक्क्यांसाठी पैसे मोजायला मन धजेना. साधी हवा भरली. अलाइनमेंटला, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावून घ्यायला, मात्र नाही म्हटलं नाही. जुन्या टायरांची एकच कड घासलेली होती, आणि ती का, हे मला अकरा वर्षं कळलं नव्हतं.

नाक्यावर साहेबानं चारही टायर पाहिले आणि मान हलवली. एवढा सन्मान मला निवृत्तीच्या समारंभातही वाटला नव्हता.

लग्नात माझं लक्ष मंगलाष्टकांत नव्हतं. मांडवाबाहेर गाड्यांची रांग होती नि मी एकेकीजवळ उकिडवा बसून अंगठा घासत होतो. व्याह्यांना वाटलं अंगठी हरवली. दोन पोरं टॉर्च लावून माझ्यासोबत शोधू लागली. मी व्याह्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की तुमचे मागचे दोन सतरा सालचे आहेत. बहीण त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परत आल्यावर मी मुद्दाम स्टँडवर गाडी थांबवली. पोरगा आला, चारही बाजूंनी फिरला, अंगठ्यानं आकडे वाचले. खूश झालेला दिसला. मी म्हणालो, पाहा, शेवटी शिकलो ना तुझ्याकडून. तो म्हणाला, "डिक्की उघडा सर."

उघडली. त्यानं गोधडी, पाण्याची कॅन आणि लग्नातून आणलेली बुंदीची पिशवी बाजूला केली. खाली स्टेपनी. अंगावरचे रबराचे बारीक केसही अजून तसेच. कंपनीतून आल्यापासून जमिनीला लागली नव्हती.

त्यानं अंगठा घासला.

"अकरा बारा," तो म्हणाला.

पुढच्या सीटवरून बायकोनं विचारलं, "आता काय झालं?"