गांजाच्या लागवडीवर महाराष्ट्रातही समिती नेमा

गेले काही महिने आम्ही काही जण गावोगाव एक निवेदन घेऊन फिरतोय. मागणी एकच: गांजाच्या नियंत्रित लागवडीचा अभ्यास करायला राज्य सरकारने आमदारांची समिती नेमावी. त्यावर हमखास ऐकू येतं, "अहो, हे दिल्लीचं काम. आमचा आमदार काय करणार?"

बरंच करू शकतो. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 10 ने चरस वगळता गांजाची लागवड, वाहतूक, विक्री यांना परवानगी देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलाय. औषध आणि संशोधनासाठी कायद्यातच वाट ठेवली आहे, धाग्यासाठी आणि बियांसाठी कलम 14 आहे. उत्तराखंडने 2018 मध्येच औद्योगिक लागवडीचा परवाना दिला. अट अशी की टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, 0.3 टक्क्यांच्या आत हवा. हिमाचलने 2023 मध्ये महसूलमंत्री जगतसिंह नेगींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्यात विरोधी पक्षाचे आमदारही घेतले. सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या विधानसभेने ठराव मंजूर केला.

आणि आपण? 2021 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने पिकांना भाव नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. बातमी झाली, पोलिसांनी प्रसिद्धीचा स्टंट म्हटलं, विषय संपला. मला त्या अर्जाबद्दल आदरच वाटतो. तुरीच्या आडोशाला चोरून झाडं लावणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. या माणसाने तसं काही न करता सरकारच्या दारात जाऊन विचारलं. त्याला नीट उत्तर मिळायला हवं होतं.

एका ग्रामसभेत एका आजोबांनी विचारलं, "अंबाडीसारखा वाख निघतो का याचा?" निघतो. तसाच पाण्यात कुजवायचा, तशीच साल सोलायची. मग काय, म्हाताऱ्या मंडळींनी सभाच हातात घेतली. पाणी किती लागतं, रानडुकरं खातात का, आणि माल घेणार कोण? शेवटचा प्रश्न लाखमोलाचा. खरेदीदार ठरल्याशिवाय एक गुंठाही कुणी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. समितीने आधी याचाच छडा लावावा.

बायकांना भीती वाटते ती पोरं नादाला लागतील याची. ती भीती खोटी नाही. पण ओढायचा गांजा आज बंदी असतानाही गावात मिळतोच, आणि आम्ही ज्या कमी टीएचसीच्या पिकाबद्दल बोलतोय त्याने नशा येत नाही. चिमूटभर गांजासाठी कुणा पोराला तुरुंगात टाकू नये, असंही मला मनापासून वाटतं. मात्र शिक्षेची ती कलमं संसदेच्या हातात आहेत. तो लढा वेगळा, त्यासाठी खासदारांकडे जावं लागेल.

आमदारांकडून आत्ता एवढंच हवंय: येत्या अधिवेशनात समितीची मागणी. ग्रामसभेत ठराव घ्या, त्याची प्रत निवेदनाला जोडा, तहसीलदार आणि आमदार दोघांकडे द्या. आणि देताना शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. निवेदनाचा मसुदा हवा असेल तर मेसेज करा, लगेच पाठवते.